शंकरराव उंबरगावला लोकल नेतात

"तू राजीनामा देऊ नकोस. मी उंबरगावपर्यंत लोकल आणतो," असं शंकरराव ओव्हाळांनी मुलीला फोनवर सांगितलं, आणि येताना कोथिंबिरीची जुडी आणतो म्हणावं इतक्या सहज सुरात सांगितलं. मग त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आपल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अशा नजरेनं पाहिलं, की जणू रूळ टाकायला इथूनच सुरुवात व्हायची होती.

आत त्यांच्या पत्नी भावनाताई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही, पण कान इकडे लावला.

"कुठून आणणार लोकल?"

"डहाणूहून. तिथपर्यंत येतेच आहे. पुढे जरा सरकवायची फक्त."

ते 'जरा' म्हणजे काय, हे सांगायला हवं. शंकररावांची मुलगी स्वप्नाली पालघरच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन. लग्न होऊन गेली उंबरगावला. उंबरगाव गुजरातेत आहे, पण अगदी काठावर. महाराष्ट्र संपून गुजरातनं नीट श्वास घ्यायच्या आत उंबरगाव येतं. मुंबईची लोकल डहाणूला थांबते आणि माघारी फिरते. पुढे मध्ये दोन स्टेशनं आणि तिसरं उंबरगाव. डहाणूचे रिक्षावाले हद्द आली की हात वर करतात. त्यामुळे स्वप्नालीला सकाळी सहाची गाडी धरावी लागे आणि परत घरी पोचायला साडेआठ वाजत. मुलगी मैत्री नऊ महिन्यांची. पाळणाघर आठ ते सात. इतके दिवस सासूबाई सांभाळत होत्या. आता त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या आणि वर्षभर तरी परतणार नव्हत्या. जावई धम्मदीप कारखान्यात पाळीवर, आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. लोकल उंबरगावपर्यंत आली असती तर स्वप्नाली आठला निघून सातच्या आत घरी आली असती. म्हणजे दोनतीन स्टेशनांच्या अंतरापायी एक चांगली नोकरी चालली होती. त्या नोकरीसाठी पोरीनं तीनदा परीक्षा दिली होती, आणि नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा शंकररावांनी ते अख्ख्या बिल्डिंगला, दूधवाल्यासकट, वाचून दाखवलं होतं.

शंकररावांच्या आत्मविश्वासाला आधार होता. आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी काढली होती. त्यांनी ठीक म्हटल्याशिवाय एक नट गेटबाहेर पडत नसे. कामगारांची बस पूर्वी नाक्यावरच सोडायची. शंकररावांनी एक अर्ज केला आणि पंधरा दिवसांत बस हेंद्रेपाड्यापर्यंत येऊ लागली. तेव्हापासून कुठलंही वाहन अर्जानं पुढे सरकतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. बस आणि लोकल यांत त्यांना फरक दिसत होता तो फक्त लांबीचा.

पहिला मसुदा त्यांनी त्याच दुपारी लिहिला आणि तळमजल्यावरच्या संजीवनीताईंना दाखवायला नेला. संजीवनीताई निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांनी लाल पेन घेतलं.

"'राज्याची सीमा ओलांडून' नको लिहू, शंकरभाऊ. सीमा म्हटलं की लोकांना बेळगाव आठवतं. घोषणा सुरू होतील. 'हद्द' लिही."

"हद्द लिहिलं तर पोलीस स्टेशनचा अर्ज वाटेल, ताई."

यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी 'राज्याच्या पलीकडे' असं ठरलं. ते वाचून भावनाताई म्हणाल्या, हे कुणीतरी वारल्यासारखं वाटतं. सातव्या मसुद्यात सगळे अनुस्वार जागेवर बसले आणि संजीवनीताईंनी शंकररावांना दहापैकी सात दिले. तीन कशाचे कापले, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि शंकररावांना ते लागलं.

तोवर बातमी दौलतरावांपर्यंत गेली होती. हेंद्रेपाड्यात जिथे आता बिल्डिंगी आहेत, तिथे दौलतरावांची भातशेती होती. शेती गेली, दौलतराव मंडपाच्या धंद्यात आले. त्यांच्याकडे दीडशे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि त्या रिकाम्या बसलेल्या त्यांना बघवत नसत.

"शंकरराव, यकट्या मानसाच्या कागदाला कोन इचारतं?" ते दारातूनच म्हणाले. "समिती पायजे. समितीला शिक्का पायजे. शिक्का बघला का सायब उठून उभा ऱ्हातो."

"समितीचं नाव 'उंबरगाव लोकल विस्तार समिती' ठेवू."

"असा कसा? बदलापूरचं नाव नसंल तं बदलापूरवाला सही कशाला करंल? 'बदलापूर–उंबरगाव' ठेवा. आनि तुम्ही अध्यक्ष. मी कार्याध्यक्ष. खुर्च्या माझ्या."

अशी समिती स्थापन झाली. संजीवनीताई सचिव झाल्या, कारण अक्षर त्यांचं होतं. भावनाताईंना उपाध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पाच ब्लाउज द्यायचेत लग्नाचे."

शिक्का आणि लेटरहेडसाठी शंकरराव उल्हासनगरला मुकेशच्या दुकानात गेले. मुकेश सिंधी, दुकान वडिलांचं. लग्नपत्रिकेपासून नंबर प्लेटपर्यंत सगळं करायचा, आणि गिऱ्हाइकाचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याचं काम सुरू व्हायचं.

"शंकरभाई, टेन्शनच नको. अर्जपण टाइप करून देतो, लेटरहेडपण, शिक्कापण. उद्या दुपारी घेऊन जा."

"एकदा प्रूफ दाखव."

"साईं, प्रूफ नवीन गिऱ्हाइकाला दाखवतात. तुम्ही तर घरचे."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा मिळाला. कागद जाड होता, निळी रेघ होती, शिक्का गोल होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणाऱ्या शंकररावांनी आपला माल मात्र लांब धरून एकदा प्रेमानं पाहिला आणि पिशवीत ठेवला. संजीवनीताईंनी हातानं लिहिलेला मसुदा तपासलेला होताच. त्यामुळे छापील पुन्हा वाचायची गरज कुणालाच वाटली नाही.

सह्या गोळा करायला दौलतरावांनी अंबरनाथचं शिवमंदिर सुचवलं. सोमवारी माणसं आयती मिळतात, हा त्यांचा हिशेब. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक टेबल, सहा खुर्च्या आणि वर छत्री, असं दुकान सकाळी मांडलं. लोक भराभर सह्या करू लागले. बेलाची पानं एका हातात, पेन दुसऱ्या हातात. कशासाठी सही, हे दर दहातला एक विचारी. एकजण म्हणाला, "पाण्याचंच ना?" आणि उत्तर यायच्या आत दोन सह्या करून गेला, एक बायकोची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र चष्मा काढून अर्जाचा मथळा पुरता वाचला. ते हसू लागले. हसत हसत खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, पुन्हा मथळा वाचला आणि पुन्हा हसले. सही करून जाताना शंकररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं हवीत." शंकररावांनी ते कौतुक मानून घेतलं.

अकराच्या सुमाराला टेबलाखाली कुणीतरी चपला काढल्या. मग त्या शेजारी आणखी कुणी. दुपारपर्यंत टेबलाखाली साठ जोड झाले होते, आणि दौलतराव मोठ्या आनंदानं कागदाचे तुकडे करून त्यावर नंबर लिहून देत होते. "मानसं भरवशानं ठेवतात, नाय कसं म्हनू?" असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी एक हजार एकशे बेचाळीस सह्या झाल्या आणि एक लाल सँडल उरला. तो कुणाचा, याचा शोध समितीनं पुढे आठवडाभर घेतला.

बुधवारी अर्ज रजिस्टर पोस्टानं रेल्वेच्या मुंबईच्या कार्यालयाला गेला. शुक्रवारी दौलतरावांनी 'जाहीर सभा' घेतली. चौकात दीडशे खुर्च्या मांडल्या, माइक आणला आणि अध्यक्ष बोलायच्या आत स्वतः बोलले. भाषण जोरदार झालं. "आपली बदलापूरची लोकल आता आपून गुजरातपर्यंत नेनार!" असं ते म्हणाले आणि त्यांनी टाळ्यांसाठी थांबून पाहिलं.

टाळ्या आल्या नाहीत. मग मागून एक आवाज आला, "आधी इथं गाड्या कमी, त्यात आपली गाडी गुजरातला? कोण देतंय रे?"

रात्रीचं जेवण होईपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर एकच निरोप फिरत होता: बदलापूरच्या आठ लोकल गुजरातला, हेंद्रेपाड्यातल्या इसमाचा डाव. शंकररावांना 'डाव' या शब्दापेक्षा 'इसम' जास्त झोंबला. सकाळी दूधवाल्यानं पिशवी दाराला अडकवताना विचारलं, "काका, आठ पंचावन्नची लोकल तरी ठेवा." खालच्या जिममधल्या पोरांनी त्यांच्या स्कूटरवर 'केम छो' असं धुळीत लिहून ठेवलं. शंकररावांनी ते पुसलं नाही. "सार्वजनिक काम म्हटलं की विरोध आलाच," ते भावनाताईंना म्हणाले. "याचा अर्थ काम हलतंय."

"काम नाही हो, तुमचं नाव हलतंय," भावनाताई म्हणाल्या.

अठराव्या दिवशी कार्यालयाचं उत्तर आलं. शंकररावांनी समितीला बोलावलं, पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"'विषय: बदलापूर ते अंबरनाथ लोकल सेवा सुरू करणेबाबत.'" ते थांबले. पुन्हा वाचलं. मग आवाज आपोआप खाली आला. "'सदर दोन स्थानकांदरम्यान लोकल सेवा यापूर्वीच सुरू असल्याने, आपली मागणी पूर्ण झाली असे समजून प्रकरण बंद करण्यात येत आहे.'"

मग संजीवनीताईंनी लेटरहेड मागवलं आणि लाल पेन न काढताच ते वाचलं. 'बदलापूर–अंबरनाथ लोकल विस्तार समिती.' अर्जाच्या विषयात अंबरनाथ. शिक्क्यातही गोल फिरून अंबरनाथच. बदलापूरहून निघालेली गाडी सहा-सात मिनिटांत जिथे पोचते, ते अंबरनाथ. एक हजार एकशे बेचाळीस लोकांनी ती गाडी सुरू करा, अशी सरकारला विनंती केली होती.

"म्हनजे मागनी मान्य झाली का आपली?" दौलतरावांनी आशेनं विचारलं.

शंकरराव तडक उल्हासनगरला गेले. मुकेशनं शांतपणे कागद पाहिला.

"शंकरभाई, हस्तलेखनात उंबरगाव होतं. मी बोललो, उंबरगाव कुठे आहे इकडे? बिचाऱ्यांची मिस्टेक झालीये. मी सुधारून दिलं. त्याचे एक्स्ट्रा पण नाही लावले."

इतक्या चांगल्या मनानं केलेल्या चुकीवर ओरडायची सोय नसते. शंकरराव चहा पिऊन परत आले.

पण ते हरले नव्हते. दुसऱ्या सोमवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते थेट मुंबईला त्या मोठ्या कार्यालयात गेले. तीन मजले, पाच टेबलं आणि दोन 'जेवायला गेलेत' ओलांडून ते एका मॅडमसमोर पोचले. मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच हसल्या नाहीत, आणि एवढ्यावरच शंकररावांच्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला.

"मागणी चुकीची नाही, ओव्हाळसाहेब," त्या म्हणाल्या. "पण लोकल पुढे न्यायची म्हणजे नुसती गाडी न्यायची नसते. जादा डबे, मोटरमन, गाडी उभी करायला जागा, मेल गाड्यांमधून वाट. दोन राज्यं. वरची मंजुरी."

"किती दिवस लागतील?"

"दिवस?" मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "वर्षं म्हणा. आणि या तुमच्या सह्या. यांत उंबरगावचे किती?"

शंकररावांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. "तसे... नाहीत."

"तुम्ही स्वतः त्या गाडीनं किती वेळा गेलात?"

यावर शंकररावांना खोटं बोलता आलं असतं. ते लग्नाला वऱ्हाडाच्या बसनं गेले होते, आणि बारशाला भाच्याच्या गाडीनं. "एकदाही नाही," ते म्हणाले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपला माल कुणीतरी बाजूला काढून ठेवतंय असं त्यांना वाटलं.

"मग जा आणि रोज जाणाऱ्यांचा आकडा आणा," मॅडम म्हणाल्या. "खरा आकडा. फाइलला तोच लागतो."

आकडा म्हटल्यावर शंकररावांमध्ये पुन्हा जीव आला. ते त्यांचं क्षेत्र होतं. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं, बोटानं दाबून मोजायचं छोटं यंत्र त्यांनी कपाटातून काढलं, रकाने आखलेली वही घेतली आणि तिसऱ्या दिवशी ते उंबरगावच्या फलाटावर जाऊन उभे राहिले.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात टक टक करणारं यंत्र. पहिल्या अर्ध्या तासातच घोलवडचे चिकू विकणारा बाळाजी नावाचा माणूस जवळ आला.

"साहेब, मोजणी?"

"हो."

"लोकलची?"

"लोकलचीच."

शंकरराव यात एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. कुणी काय समजावं, हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं. पाच मिनिटांत खुर्ची आली. दहा मिनिटांत चहा आला. मग लोक आले. कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी दोन्ही एकाच वाक्यात सांगू लागले: छपराला गळती आहे, नळाला पाणी नाही, बायकांच्या डब्याजवळ दिवा नाही. शंकररावांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिला. "बघतो," ते म्हणत. हा शब्द त्यांनी आयुष्यभर साहेबांच्या तोंडून ऐकला होता. आज तो स्वतःच्या तोंडात किती छान बसतो, हे त्यांना कळलं.

मुलीला सुगावा लागू नये म्हणून रात्र त्यांनी लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं, तेही मोजून घ्यायला आले होते. पण शंकररावांची नजर एकतीस वर्षं घासून तयार झालेली. "मावशी, तुम्ही तिसऱ्यांदा," ते म्हणत आणि आकडा एकानं कमी करत. हिरव्या टोपीतला एक तरुण टोपी काढून पुन्हा आला, तोही त्यांनी पकडला. खरा आकडा म्हणजे खरा आकडा.

संध्याकाळी गाडीतून स्वप्नाली उतरली. या दोन दिवसांत पप्पा 'जरा कामानिमित्त' बाहेर असतात, एवढंच आईनं तिला फोनवर सांगितलं होतं. जिन्यापाशीच एका बाईनं तिला सांगितलं, "ताई, तुमचा त्रास संपला. मुंबईहून मोठे साहेब आलेत मोजायला." स्वप्नालीनं पाहिलं. गर्दीच्या मधोमध खुर्चीवर, चिकूंच्या करंडीशेजारी, तिचे वडील एका माणसाला समजावत होते की छपराचं काम नळाच्या आधी होईल.

"पप्पा!"

सगळे वळले. बाळाजीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "साहेब तुमचे पप्पा?"

"हो. आणि ते साहेब नाहीत. रिटायर झालेत. बदलापूरला राहतात."

कुणी रागावलं नाही, हेच वाईट झालं. लोक हळूहळू पांगले. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "मग नळाचं?" बाळाजीनं खुर्ची उचलली, पण भेट दिलेले चिकू परत घेतले नाहीत. शंकरराव वही छातीशी धरून मुलीच्या मागून चालत घरी आले, आणि जेवताना त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी पाचला त्यांना जाग आली ती मैत्रीच्या रडण्यानं. स्वप्नाली तिला झोपेतून उठवून कपडे चढवत होती. मग पोरीला दुपट्यात गुंडाळून शेजारच्या दारात गेली. शेजारीण अर्धवट झोपेत. तिनं पोर घेतली, महिनाअखेरपर्यंत आठला पाळणाघरात सोडायचं आणि सातला आणायचं कबूल होतंच. मैत्री हात पुढे करून ओरडत होती आणि स्वप्नाली मागे न बघता जिना उतरत होती. धम्मदीप रात्रपाळीहून अजून यायचा होता. शंकरराव दारात उभे होते. रोज जाणाऱ्यांचा आकडा वहीत होता, पण त्यातली एक रेघ अशी असते, हे त्यांनी आत्ता पाहिलं. टेबलावर पाकीट होतं. त्यात राजीनामा होता, महिनाअखेरची तारीख घातलेला. खाली सही.

त्यांनी भावनाताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, फलाटावरचं सुद्धा.

भावनाताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, लोकल यायची तेव्हा येईल. तुम्ही तर येऊन बसलाच आहात ना तिथे?"

"म्हणजे?"

"म्हणजे राहा. माझा शिवणाचा क्लास आहे, मला हलता येत नाही. तुम्हाला काय आहे इथे? समिती?"

शंकररावांना हे पचायला अर्धा दिवस लागला. राज्याच्या पलीकडे लोकल न्यायला निघालेला अध्यक्ष, आणि शेवटी काय, तर पोर सांभाळायची? पण दुपारी धम्मदीप उठला तेव्हा ते त्याला म्हणाले, "जावईबापू, मला मऊ भात कसा करतात ते दाखवा. किती शिट्ट्या, पाणी किती. तोंडी नको. लिहून द्या."

संध्याकाळी स्वप्नाली आली, तेव्हा पाकीट टेबलावर नव्हतं. "ते कुठे गेलं?" तिनं विचारलं.

"क्वालिटीत नापास," शंकरराव म्हणाले. "फाडलं."

ती आत जाऊन पुष्कळ वेळ तोंड धूत राहिली.

पहिला आठवडा वाईट गेला. मैत्रीनं मऊ भात चष्म्यावर मारला. मग तिनं चष्माच मागितला. शंकररावांनी भिंतीला तक्ता लावला: झोप, दूध, शी, रडणं व त्याचं कारण. कारणाच्या रकान्यात पहिले चार दिवस 'अज्ञात' असं होतं. पाचव्या दिवशी 'मी गाणं म्हटलं' असं आलं. बदलापूरहून दौलतरावांचा फोन आला. गावात आता नवीन बातमी होती: लोकल वाचली, पण गुजरातनं अध्यक्षच पळवला. "मी तुमच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवलेला नाय," दौलतरावांनी शपथेवर सांगितलं.

आणि अर्ज? तो शंकररावांनी सोडला नाही. नळाचं आणि छपराचं त्यांनी वेगळं पत्र लिहिलं, खाली पदाच्या जागी 'एक आजोबा' लिहिलं आणि बाळाजीची व इतर तीसजणांची सही घेतली. रोज मैत्रीला कडेवर घेऊन सकाळ-संध्याकाळ मोजणी केली, पूर्ण महिनाभर. आता कुणी दोनदा फिरून येत नव्हतं. धम्मदीपच्या सुट्टीच्या दिवशी ते वही घेऊन पुन्हा मुंबईला गेले. मॅडमनी पानं उलटली. वार, वेळ, बायका, पुरुष, शाळेची मुलं. एका रकान्यात भाताचा डाग.

"इतका स्वच्छ तक्ता मला आमच्या माणसांनीही कधी दिला नाही," त्या म्हणाल्या. "डाग सोडून." मग त्यांनी फाइल मागवली, तक्ता आत लावला आणि क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला. "हा आता वर जाईल. कधी उतरेल, ते मी सांगू शकत नाही."

शंकररावांनी चिठ्ठी वहीत ठेवली आणि संध्याकाळच्या आत उंबरगाव गाठलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका सोमवारी ते नेहमीसारखे फलाटावर मैत्रीला घेऊन उभे होते. ती आता उभी राहायला शिकली होती. बाकाला धरून उभी राही आणि गाडीचा आवाज आला की दोन्ही हात सोडून देई. मग शंकररावांना झेप घ्यावी लागे. स्वप्नालीला रुग्णालयात रक्त-तपासणीच्या विभागाची जबाबदारी मिळाली होती. ते पत्र शंकररावांनी दुसऱ्याच दिवशी बाळाजीला आणि तिकीट खिडकीवरच्या बाबूला वाचून दाखवलं होतं. गाडीला उशीर होता.

"काका," बाळाजीनं करंडी खाली ठेवत विचारलं, "लोकल येणार का हो खरंच?"

"येणार म्हणजे? फाइल वर गेली आहे. आकडा खरा आहे. येणारच."

"मग लोकल आली की तुम्ही परत जाणार बदलापूरला?"

शंकररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की या बाजूनं आपण विचारच केलेला नाही. लांब वळणावर गाडीचा दिवा दिसला. मैत्रीनं बाक सोडला, दोन पावलं स्वतःची स्वतः टाकली आणि त्यांच्या पायजम्याला येऊन धरलं. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, तिची टोपी सरळ केली आणि इकडे तिकडे कुणी कार्यालयाचं माणूस ऐकत नाही ना, हे पाहून घेतलं.

"हे बघ बाळाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "लोकलची तशी काही घाई नाही."